मदत हवी आहे: दोन वेबकॅम एकाच वेळी चालू होत नाहीत (उबुंटू, जुना डेस्कटॉप)

मोडीवाली

नमस्कार. मी शनिवार पेठेत राहते आणि संध्याकाळी घरूनच ऑनलाइन मोडी लिपी शिकवते. येणारे बहुतेक जण घरातली जुनी कागदपत्रं स्वतः वाचता यावीत म्हणून येतात. मोडीत आधी ओळीभर शिरोरेषा ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. हात कुठून वळतो, कुठे गाठ घेतो, हे छापील तक्त्यावरून कळत नाही. ते लिहिताना दिसावं लागतं. म्हणून चेहऱ्यासमोरच्या कॅमेऱ्याखेरीज दुसरा एक कॅमेरा स्टँडवर, थेट कागदावर रोखलेला हवा होता.

तपकीर गल्लीतून एक स्वस्तातला यूएसबी वेबकॅम आणला. फोकस लेन्सभोवतीची कडी हाताने फिरवून लावायचा आहे, आणि माझ्या कामाला तेच बरं पडतं, कारण कागद जागचा हलत नाही. एकटा लावला की चित्र येतं. पण आधी समोरचा कॅमेरा चालू असेल तर ओबीएसमध्ये (दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र दाखवायचं सॉफ्टवेअर) कागदाची चौकट काळीच राहते. उलट क्रमाने केलं तर माझा चेहरा काळा. म्हणजे जो आधी चालू होईल तो जिंकतो. टर्मिनलमधून पाहिलं तर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा निरोप येतो. हार्ड डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी आहे, त्यामुळे हे काय सांगतंय ते समजत नाही.

दुकानात जाऊन आले. त्यांनी त्यांच्या लॅपटॉपला जोडून दाखवला, व्यवस्थित चालला. त्यामुळे बदलून मागायला कारण उरत नाही.

माहिती: उबुंटू २२.०४, जुना असेंबल्ड डेस्कटॉप, सगळे यूएसबी पोर्ट काळे, निळा (यूएसबी ३ चा) एकही नाही. दोन्ही कॅमेरे मागच्या पोर्टना लावलेत. यादीत व्हिडिओ ०, १, २, ३ अशी चार नावं दिसतात, कॅमेरे मात्र दोनच. नवा संगणक आत्ता घेता येणार नाही. यातूनच वाट निघावी ही इच्छा आहे.

धानोरीकर

ताई, वीज कमी पडत असेल. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. स्वतःचा अॅडाप्टर असलेला हब घ्या आणि दोन्ही कॅमेरे त्यावर लावा.

तारयंत्र

धानोरीकर, वीज कमी पडली तर कॅमेरा मध्येच तुटतो, परत जोडला जातो, डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, तशा नोंदी दिसतात. इथे तो यादीत ठाम दिसतोय आणि चालू करायच्या क्षणीच नकार येतोय. ताई, हब घेऊ नका. हबला कितीही तोंडं असली तरी संगणकाकडे जाणारी वायर एकच असते. तुमची अडचण त्याच वायरीची आहे.

त्या निरोपातली जागा डिस्कवरची नाही, यूएसबीच्या वाटेवरची आहे. पेनड्राइव्हला वाट मोकळी मिळेल तेव्हा माल न्यायची मुभा असते, म्हणून गर्दीत तो नुसता मंदावतो. कॅमेऱ्याला मात्र चित्र वेळेवरच पोचवायचं असतं. तो सुरू होतानाच आपला वाटा राखून ठेवायला सांगतो. वाटा शिल्लक नसेल तर सुरूच होत नाही. एसटीतल्या आरक्षणासारखं समजा.

आता हिशोब. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. त्यातला ८० टक्के भागच अशा राखीव कामांना देता येतो, म्हणजे ३८४. एक कॅमेरा जास्तीत जास्त सुमारे १९६.६ मेगाबिट राखून मागू शकतो. दोघांनी तेवढं मागितलं की ३९३ होतात. बसत नाहीत. प्रत्यक्षात चित्रासोबत जाणारा यूएसबीचा वरचा खर्च धरला तर एकानेच निम्म्याहून जास्त वाट अडते.

स्वस्त कॅमेऱ्यांची खोड अशी की गरज कितीही असली तरी ते सर्वांत मोठा वाटा मागतात. ६४० बाय ४८० चं न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायला १४७ मेगाबिट पुरतात. हे कॅमेरे तरी १९६ च मागतात.

चार नावांची काळजी नको. नव्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) प्रत्येक कॅमेऱ्याची दोन नावं दिसतात, एक चित्राचं आणि एक चित्रासोबतच्या तांत्रिक माहितीचं. ओबीएसमध्ये ० आणि २ निवडा.

आता एलएसयूएसबी ही आज्ञा वजा टी लावून चालवा. झाडासारखी यादी येईल. दोन्ही कॅमेरे कोणत्या बसखाली, म्हणजे यूएसबीच्या कोणत्या सामाईक वाटेवर, आहेत ते इथे लिहा.

मोडीवाली

खूप आभार, पहिल्यांदा काहीतरी उलगडलं. दोन्ही कॅमेरे बस ०२ खाली आहेत, दोघांपुढे ४८०एम लिहिलंय. बस ०१ सुद्धा आहे, तिच्याखाली एक हब दिसतो आणि बाकी काही नाही.

तारयंत्र

मग वाट आहे. त्या काळातल्या बऱ्याच इंटेल बोर्डांवर यूएसबी २ चे दोन स्वतंत्र कंट्रोलर (पोर्ट सांभाळणाऱ्या चिप, प्रत्येकीची एक बस) असत आणि प्रत्येकाला आपापले ४८० मेगाबिट. तुमचे मागचे दोन्ही पोर्ट एकाच कंट्रोलरवर गेलेत. एक कॅमेरा दुसऱ्या पोर्टना लावून पाहा, आधी पुढच्या. पोर्टची जागा पाहून अंदाज करू नका, दर वेळी तीच आज्ञा देऊन बस ०१ खाली आला का ते बघा.

मुठाकाठ

माझाही अनुभव सांगतो. पुढचे पोर्ट बोर्डाला आतल्या बारीक वायरीने जोडलेले असतात. त्यात वर एक्स्टेंशन लावलं की माझ्याकडे उणे ७१ ची चूक यायची. ती वायरीत संदेश खराब होत असल्याची खूण असते. पुढे जो कॅमेरा लावाल तो थेट लावा, मध्ये काही नको.

मोडीवाली

पुढचा डावा पोर्ट बस ०१ वर निघाला! कागदाचा कॅमेरा स्टँडमुळे लांब आहे, त्याला एक्स्टेंशन लागतंच. म्हणून तो मागे ठेवला आणि चेहऱ्याचा पुढे थेट लावला. दोन्ही चित्रं एकत्र आली, आजचा पूर्ण तास चालली. एका काकूंनी ‘ल’ची गाठ पहिल्यांदाच नीट दिसली म्हणून दोनदा काढून घेतली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. पुढेमागे बोर्ड बदलला आणि एकच बस मिळाली तर?

तारयंत्र

तर यूव्हीसीव्हिडिओ या कॅमेरे चालवणाऱ्या ड्रायव्हरला क्वर्क्स=१२८ हा पर्याय द्यायचा. मग ड्रायव्हर कॅमेऱ्याची मागणी मानत नाही, चित्राच्या आकारावरून स्वतः हिशोब करतो. हे न दाबलेल्या चित्रालाच लागू पडतं, एमजेपेगला (दाबलेल्या चित्राच्या प्रकाराला) नाही. सोबत ओबीएसमध्ये कागदाच्या कॅमेऱ्याचा वेग ३० वरून १५ वर आणा. ६४० बाय ४८० ला मग ७४ मेगाबिट पुरतात आणि दुसऱ्याने मोठा वाटा घेतला तरी हा बसतो. लिहिणारा हात दाखवायला १५ चा वेग पुरेसा वाटेल. पर्याय कायमचा करायचा तर ईटीसीतल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी डॉट कॉन्फ असलेल्या फाइलमध्ये एक ओळ लिहा: ऑप्शन्स यूव्हीसीव्हिडिओ क्वर्क्स=१२८. आत्ता मात्र हे काहीच करू नका, चालतंय ते चालू द्या.

खोक्यावर १०८० लिहिलं असेल तर त्यावरही जाऊ नका. कॅमेरा खरोखर कोणते आकार देतो ते व्ही४एल२-सीटीएल आज्ञेला लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट जोडून कळतं. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर ६४० बाय ४८० चाच असतो आणि मोठं चित्र सॉफ्टवेअर ताणून बनवतं. त्याने अक्षर जास्त स्पष्ट होत नाही. कागद जवळ घेतलात तर होतं.

मोडीवाली

तपासलं, ६४० बाय ४८० च आहे. स्टँड खाली घेतला, चार ओळी छान मावतात. फक्त ट्यूबलाइट लावली की कागदावर आडवे पट्टे सरकतात, आणि त्यात शिरोरेषा हरवते. हाही बँडविड्थचाच, म्हणजे वाट अपुरी पडण्याचाच, प्रकार का?

मुठाकाठ

नाही, हा विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा कारखान्यातून ६० हर्ट्झवर लावून आलेला असेल तर दोघांचा मेळ बसत नाही आणि पट्टे दिसतात. व्ही४एल२-सीटीएलमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी नावाचं सेटिंग आहे: १ म्हणजे ५० हर्ट्झ, २ म्हणजे ६०. ते १ करा. कॅमेरा काढून परत लावला की काही वेळा ते जुन्या जागी जातं, तेव्हा तासाआधी एकदा बघून घ्या.

मोडीवाली

१ केलं, पट्टे गेले. उद्याच्या तासाला ट्यूबखालीच बसणार आहे. शीर्षकात ‘सुटले’ लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाला दोन कॅमेरे लावायचे असतील तर धागा सापडेल.