इंडक्शनची दुरुस्ती गावातच होऊ शकते
इंडक्शन शेगडी बिघडली की आतला अख्खा सर्किट बोर्डच बदलावा लागतो, मग खानापूर-निपाणीच्या पोरांना शिकवून काय उपयोग, असं काही जण म्हणतात. अजिबात पटत नाही. बऱ्याचदा फ्यूज, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि आयजीबीटी (कॉइलचा प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारा स्विच) एवढंच उडालेलं असतं, आणि हे भाग सुटे मिळतात.

खरी गोची पुढे आहे. नवा आयजीबीटी लावून थेट प्लग घातला आणि मूळ दोष तसाच असला, तर तोही फट्‌कन जातो, गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच. म्हणून आम्ही शिकाऊ मुलांना आधी १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सीरिजमध्ये, म्हणजे शेगडीला जाणारी वीज त्याच्यातूनच जाईल असा, जोडायला लावतो. क्षणभर चमकून विझला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. आणि २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, तेव्हा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) डिस्चार्ज, म्हणजे रिकामा, केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्यात पक्कं बसवायला हवं.