उपग्रहाला न दिसणारी रोपे
उपग्रह-छायाचित्रांतील हरित निर्देशांक (जमिनीवर हिरवाई किती आहे हे सांगणारा आकडा) वर्षागणिक वाढतो आहे, म्हणजे गोव्यातील लोहखाणींचे डंप (खाणीतून काढलेल्या टाकाऊ माती-दगडांचे ढिगारे) सावरले, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. त्या डंपांवर मुख्यतः ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली आहे; ती बारमाही हिरवी असल्याने निर्देशांक चढा राहतो, परंतु तिच्या सावलीत काय उगवते आहे हे त्यातून कळत नाही. डिचोलीजवळच्या एका जुन्या डंपावर आम्ही चौकटी आखून रोपे मोजली, तेव्हा वाळक्या, चामट पानांचा थर बाजूला केल्यावर बहुतेक ठिकाणी उघडा तांबडा मुरूमच निघाला. चरीच्या काठाला मात्र किंदळ आणि करवंदाची रोपे आपोआप रुजलेली होती. दर पावसाळ्यानंतर त्याच चौकटींतील अशा स्थानिक रोपांची नोंद उपग्रहाच्या आकड्यांसोबत ठेवलीच पाहिजे.