शब्दचर्चा : 'एंटरप्राइज आर्किटेक्चर' म्हणजे आराखडा की रचना?

अनुवादिनी :
तालुका पातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करायला घेतली आहे. सरकारी सेवा नव्याने मांडताना 'एंटरप्राइज आर्किटेक्चर'च्या (म्हणजे माणसं, कामं आणि संगणक प्रणाली एकमेकांत कशी गुंफली आहेत ते बघून मांडण्याच्या) पद्धती आणि मॉडेलिंगची, म्हणजे ते चित्रात उतरवण्याची, मानकं कशी वापरायची, हा तिचा विषय. झॅकमन आणि टोगॅफ या पद्धती, आर्किमेट आणि बीपीएमएन या चित्रभाषा, ही विशेषनामं तशीच ठेवणार आहे. अडचण साध्या शब्दांची आहे. मला दिलेल्या कच्च्या मसुद्यात आर्किटेक्चर, फ्रेमवर्क, प्लॅन आणि ब्लूप्रिंट या चारही शब्दांसाठी 'आराखडा' वापरलाय. एकाच परिच्छेदात तो शब्द तीन अर्थांनी येतो आणि वाक्य हातातून निसटतं. 'स्टेकहोल्डर'ला 'भागधारक' केलंय, 'कन्सर्न'ला 'चिंता'. 'भागधारकांच्या चिंता नोंदवून घ्या' हे वाचून कर्मचाऱ्याने नेमकं काय करायचं? भागधारक म्हणजे शेअर घेतलेला माणूस. इथे तर दाखला मागायला आलेली बाई, तलाठी, तहसीलदार असे सगळे अपेक्षित आहेत. 'ज्यांचा संबंध येतो ते' आणि 'त्यांना काय हवं-नको' इतकं साधं लिहावं असं मला वाटतं, पण पुस्तिकेत पारिभाषिक शब्दही लागतील. मुख्य प्रश्न आर्किटेक्चरचा. काय म्हणावं?

उत्तरवारा :
ताई, आर्किटेक्चरच्या जागी 'आराखडा' अजिबात नको. तो शब्द कानाला कसा लागतो हा मुद्दा नाही, त्याने विषयाचा गाभाच हरवतो.

या क्षेत्रात व्याख्येसाठी आयएसओ/आयईसी/आयईईई ४२०१० हे मानक बघतात. त्याची २०११ ची आवृत्ती होती, आता २०२२ ची आहे. त्याचं मूळ २००० सालच्या आयईईई १४७१ मध्ये आहे. त्यात दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. एक आर्किटेक्चर, दुसरी आर्किटेक्चर डिस्क्रिप्शन. पहिली व्यवस्थेच्या अंगातच असते : तिचे घटक, त्यांची एकमेकांशी नाती, ती घडवण्या-बदलण्यामागची तत्त्वं. दुसरी म्हणजे त्याबद्दल कुणीतरी कागदावर उतरवलेलं. ज्या कचेरीचं एकही चित्र आजवर कुणी काढलेलं नाही तिलाही आर्किटेक्चर असतंच, आणि ते काय आहे हे न बघता नवी संगणक प्रणाली आणून बसवली की काय होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पहिल्यासाठी 'रचना' आणि दुसऱ्यासाठी 'रचनेचं वर्णन' किंवा 'रचनाचित्र' म्हणा. हा भेद मराठीत टिकला नाही तर पुस्तिका वाचणाऱ्याला वाटेल की काम चित्र काढण्याचंच आहे.

फ्रेमवर्कला 'चौकट' चालेल. मात्र या चौकटी एका जातीच्या नाहीत, हे सांगा. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये मांडली ती अक्षरशः चौकट आहे. उभे रकाने प्रश्नांचे, आडव्या ओळी वेगवेगळ्या नजरांच्या : मालकाची, रचनाकाराची, प्रत्यक्ष बांधणाऱ्याची. मूळ लेखात काय, कसं, कुठे हे तीनच रकाने होते. कोण, केव्हा आणि का हे तीन १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्यासोबतच्या लेखात भरले गेले. मराठीत हे सहाही प्रश्न 'क'ने सुरू होतात, त्याचा पुस्तिकेत जरूर उपयोग करा, शिकणाऱ्याच्या लक्षात राहील. टोगॅफचं तसं नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या टॅफिम या चौकटीवरून द ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संघटनेने १९९५ मध्ये ते आणलं, आणि त्याचा कणा म्हणजे एक फिरती कार्यपद्धती : आधी पूर्वतयारी, मग 'ए' ते 'एच' असे टप्पे आणि मध्यभागी गरजांचं व्यवस्थापन. झॅकमन कोणती चित्रं हवीत ते सांगतो. ती कोणत्या क्रमाने करायची आणि करून झाल्यावर पुढे काय, हे टोगॅफ सांगतं.

ओळंबा :
माझं सगळं आयुष्य नगररचना खात्यात गेलं, म्हणून 'रचना'च्या बाजूने माझं मत. शब्दासोबत कोणती क्रियापदं चालतात ते बघा. आराखडा काढतात, प्रसिद्ध करतात, त्यावर हरकती-सूचना मागवतात, तो मंजूर होतो. रचना असते, बदलते, विस्कटते. 'शहराची रचना मंजूर झाली' असं कुणी म्हणत नाही; मंजूर होतो तो विकास आराखडा. १९६६ चा कायदा 'प्रादेशिक व नगररचना अधिनियम' आणि त्याखाली तयार होतो तो आराखडा. दोन्ही शब्द शेजारी-शेजारी सुखाने नांदतात, कारण त्यांची कामं वेगळी आहेत.

'स्थापत्य' घेऊ नका, मराठीत ते सिव्हिल इंजिनिअरिंगला कधीच जाऊन बसलंय. 'कनिष्ठ अभियंता (स्थापत्य)' हे पदनाम सगळ्यांना ठाऊक आहे. 'वास्तु' घेतलं तर वाचकाचं लक्ष दिशा आणि दोषांकडे जाईल.

खरी पंचाईत 'एंटरप्राइज'ची आहे. 'उद्योग' म्हटलं की कारखाना येतो. 'उद्यम' हा शब्द २०२० पासून लघुउद्योगांच्या नोंदणीने घेतलाय. 'उपक्रम' शाळेतला वृक्षारोपणाचाही असतो आणि 'सार्वजनिक उपक्रम'ही असतो. मला 'संस्थारचना' बरा वाटतो.

दप्तर :
ओळंबाकाका, गावाकडे 'संस्था' म्हटलं की सेवा सोसायटी, पतसंस्था नाहीतर शिक्षणसंस्था. तहसील कार्यालयाला कुणी संस्था म्हणत नाही. मी महसूलमध्ये अव्वल कारकून होतो, रोजच्या परिपत्रकातला शब्द सुचवतो : 'यंत्रणा'. 'सर्व यंत्रणांनी समन्वय ठेवावा', 'महसूल यंत्रणा कामाला लागली'. एका उद्दिष्टासाठी झटणारी अनेक कार्यालयं, माणसं, अधिकार हे सगळं त्या एका शब्दात येतं. सिस्टिमला 'प्रणाली' ठेवा, म्हणजे घोळ होणार नाही.

उत्तरवारा :
हा शब्द चपखल आहे! टोगॅफमध्ये एंटरप्राइज म्हणजे समान उद्दिष्टं असलेल्या संस्थांचा कोणताही समूह. त्यात नफा नाही, मालकी नाही, आकाराची अट नाही. 'यंत्रणा'त हे तंतोतंत बसतं. 'यंत्रणारचना' असा समास करा किंवा 'यंत्रणेची रचना' म्हणा. कंपनीबद्दल लिहिताना थोडं अवघडेल, पण ही पुस्तिका सरकारी कामाची आहे. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 'इंडईए' (इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर) ही चौकट आणली, तिचाही रोख वेगवेगळी खाती मिळून नागरिकाला एक शासन म्हणून दिसावीत असाच आहे.

दप्तर :
आता माझा प्रश्न. मसुद्यात 'सेवा' आणि 'प्रक्रिया' यांची सरमिसळ आहे का? आमच्याकडे ती फार आहे. शिवाय 'सेवा' या शब्दाला आधीच दोन तोंडं आहेत. 'लोकसेवा आयोग' यातली सेवा म्हणजे नोकरी, 'सेवापुस्तक' आणि 'सेवाज्येष्ठता' यातलीही तीच. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमातली सेवा म्हणजे नागरिकाला ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आहे ती. पदनिर्देशित अधिकारी, पहिलं अपील, दुसरं अपील ही सगळी साखळी या दुसऱ्या अर्थावर उभी आहे.

अनुवादिनी :
दादा, सरमिसळ आहेच. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल नोंदवणं; त्यासाठी 'फेरफार सेवा', 'फेरफार प्रक्रिया', 'फेरफार कार्य' हे तिन्ही शब्द आलटून-पालटून आलेत. यांतला फरक कुणी नीट सांगाल का? मला तो शब्दाच्या पातळीवर समजतो, चित्रात कसा दिसतो ते कळत नाही.

उत्तरवारा :
आर्किमेट या चित्रभाषेत हा फरक पायाभूत आहे. २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये संशोधन संस्था, विद्यापीठं, बँक आणि तिथलं कर खातं यांनी मिळून ती घडवली. २००८ मध्ये ती द ओपन ग्रुपकडे गेली आणि २००९ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली. (मी यूट्रेख्तला राहतो. इथल्या सरकारी कामात ही चित्रं अगदी रोजची आहेत.) तिच्यात सेवा म्हणजे बाहेरच्याला जे दिसतं, ज्याचं वचन दिलेलं असतं, ते वर्तन. प्रक्रिया म्हणजे ते वचन पाळण्यासाठी आत जे एकामागून एक घडतं ते. प्रक्रिया सेवा 'साकारते', आणि त्या नात्यासाठी तुटक रेष आणि टोकाला पोकळ त्रिकोण असतो.

फेरफाराचंच चित्र काढू. सर्वांत वर खरेदीदार. त्याच्या खाली गोल कोपऱ्यांची एक पेटी, 'फेरफार नोंद' ही सेवा. तिच्याखाली प्रक्रिया : दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो, सूचना जाते, तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग सातबारा बदलतो. आणखी खाली संगणकाचा थर : नोंदणीची आय-सरिता प्रणाली आणि तिच्याशी जोडलेली ई-फेरफार प्रणाली. प्रघात असा की कामकाजाचा थर पिवळा, प्रणालींचा निळा, यंत्रसामग्रीचा हिरवा. मानकाने रंगांना अधिकृत अर्थ दिलेला नाही. कोपऱ्यांना मात्र अर्थ आहे : वर्तन गोल कोपऱ्यांनी, कर्ता किंवा वस्तू चौकोनी कोपऱ्यांनी, हेतू आणि तत्त्वं छाटलेल्या कोपऱ्यांनी.

बीपीएमएन वेगळं. ते यातल्या एकाच प्रक्रियेच्या पोटात शिरतं : कोणाच्या पट्ट्यात कोणतं काम, कुठे फाटा फुटतो, किती वाट बघायची. त्याची २.० आवृत्ती २०११ ची, आणि २०१३ पासून ते आयएसओ/आयईसी १९५१० या क्रमांकानेही मानक आहे. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये जातं. तो फाटा बीपीएमएनमध्ये दाखवायचा, आर्किमेटमध्ये नको.

दप्तर :
या चित्रात एक भर घालतो, कारण अनुवादात ती निसटली तर कर्मचारी नाराज होतील. नोंदणी झालेल्या दस्ताची सूचना नोंदणी अधिकाऱ्याने तलाठी आणि तहसीलदार यांना पाठवायची, हे जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ मध्ये १९६६ पासून आहे. नोंदणीकृत दस्त असेल तर खरेदीदाराने वेगळी वर्दी द्यायची गरज नाही, हे कलम १४९ मध्ये आहे. म्हणजे सूचना पाठवायचं बंधन कायद्याच्या थरात आधीपासूनच होतं. कागदी सूचना पोचायला वेळ लागायचा, म्हणून माणूस सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, 'इंडेक्स टू'ची) प्रत घेऊन स्वतः तलाठ्याकडे यायचा. सूचना ऑनलाइन यायला लागली तशी ती खेप टळू शकली. सेवा बदलली ती इथे.

अनुवादिनी :
हे अगदी मोलाचं आहे. म्हणजे 'सर्व्हिस इनोव्हेशन'चं उदाहरण म्हणून हेच द्यायला हवं. मसुद्यातलं उदाहरण अर्जाचा नमुना संकेतस्थळावर ठेवल्याचं आहे. तो अर्ज छापून, भरून पुन्हा खिडकीवरच द्यायचा असेल तर चित्रातली वरची, सेवेची पेटी जशीच्या तशीच राहते.

'इनोव्हेशन'ला काय म्हणू? मसुद्यात 'नाविन्यता' आहे.

ओळंबा :
'नाविन्यता' नको. नवीनपासून भाववाचक नाम 'नावीन्य', वी दीर्घ. त्याला पुन्हा 'ता' लावणं म्हणजे 'सौंदर्यता' म्हणण्यासारखं झालं. शासनाच्या विभागाच्या नावातच 'नाविन्यता' आहे, म्हणून ते नाव उद्धृत करताना तसंच लिहावं लागेल; आपल्या वाक्यात कशाला? 'नवोपक्रम' शिक्षकांच्या स्पर्धेमुळे रुळलाय, पण तो एखाद्या सुट्या प्रयोगाला शोभतो. 'नवोन्मेष' सुंदर आहे, त्यामागे 'नवनवोन्मेषशालिनी' प्रतिभेची जुनी व्याख्या उभी आहे, आणि नेमकं म्हणूनच तो कवीला द्यावा. दप्तरांनी सांगितलेल्या गोष्टीत प्रतिभेपेक्षा जोडणीचं काम जास्त आहे. 'सेवेतील नावीन्य' म्हणा.

दप्तर :
आणि 'मॉडेल'ला 'नमुना' करू नका. आमच्याकडे गाव नमुना १ ते २१ आहेत आणि प्रत्येक नमुना म्हणजे नोंदवही. 'फेरफाराचा नमुना तयार करा' असं लिहिलंत तर लोक नमुना ६ उघडतील.

उत्तरवारा :
सहमत. 'प्रतिमान' किंवा सरळ 'मॉडेल'. मी तर मॉडेलच ठेवीन, शेतकऱ्यालाही कळतं.

एका बाणाबद्दल सावध करतो. आर्किमेटच्या जुन्या आवृत्त्यांत एका नात्याचं नाव होतं 'यूज्ड बाय'. २०१६ च्या ३.० आवृत्तीत ते 'सर्व्हिंग' झालं. बाण तोच राहिला, सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाणारा. वाचायची पद्धत बदलली. पूर्वी 'ई-फेरफार तलाठ्याकडून वापरली जाते' असं वाचायचं, आता 'ई-फेरफार तलाठ्याच्या उपयोगी पडते'. मसुद्यात 'वापरतो' लिहून बाण उलटा फिरवला असेल तर तपासा. मी 'उपयोगी पडते' हेच क्रियापद सुचवीन, 'सेवा करते' नको.

अनुवादिनी :
तपासलं, तीन चित्रांत उलटा आहे. दुरुस्त करते.

'व्ह्यू' आणि 'व्ह्यूपॉइंट' राहिले. मसुद्यात दोन्हींना 'दृष्टिकोन' आहे.

ओळंबा :
'दृष्टिकोन' आता माणसाच्या मनोवृत्तीला लागतो, 'सकारात्मक दृष्टिकोन' वगैरे. घराच्या नकाशात आम्ही प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन काढायचो. सेक्शन कुठून कापायचा, काय दाखवायचं, कोणत्या खुणा वापरायच्या याचे नियम एकदा ठरलेले असतात. त्या नियमांनी एका विशिष्ट घराचा काढलेला कागद वेगळा. तुमच्या व्ह्यूपॉइंट आणि व्ह्यूमध्ये हाच फरक असेल, तर पहिल्याला 'दर्शनरीत' आणि दुसऱ्याला 'दर्शन' म्हणा.

उत्तरवारा :
फरक तोच आहे. 'दर्शनरीत' मला पटतो, 'दर्शन' मात्र देवळातलं वाटतं. 'दृश्य'?

ओळंबा :
'दृश्य' नाटकातलं वाटतं म्हणून टाळलं होतं. पण 'तहसीलदारासाठीचं दृश्य', 'प्रणाली सांभाळणाऱ्यासाठीचं दृश्य' असं पुढे-मागे जोडून आलं तर चालून जाईल. रीत आणि दृश्य ही जोडी तुटू देऊ नका.

अनुवादिनी :
'दृश्य' आणि 'दृश्यरीत' करते, म्हणजे दोन्ही एका घरचे दिसतील. 'स्टेकहोल्डर'साठी उत्तरवारांच्या फेरफाराच्या वर्णनात आलेला 'हितसंबंधित' घेते. नोटिशीमुळे तो कर्मचाऱ्यांच्या ओळखीचा आहे. 'कन्सर्न'ला 'हितप्रश्न'. आता 'कपॅबिलिटी'चा तेवढा निकाल लावा. 'क्षमता' लिहिलंय, पण पुढच्याच पानावर सर्व्हरची कपॅसिटी आहे आणि तिलाही 'क्षमता'.

दप्तर :
धरणाची, गोदामाची, सर्व्हरची ती क्षमता. यंत्रणेला जमतं ते 'सामर्थ्य'. 'हरकतींची सुनावणी वेळेत घेण्याचं सामर्थ्य या तालुक्यात आहे का' असं विचारलंत तर तहसीलदार लगेच मंडळ अधिकाऱ्यांची रिक्त पदं मोजायला लागतील, आणि तिथे तेच मोजायचं असतं.