मदत हवी आहे : एकाचं गणित आणि बाकीच्यांचं पात्र

नेरुळला आमच्या घरी रविवारी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं निभावण्याचा खेळ) चालतं. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, डीएम (गोष्ट आणि राक्षस चालवायचं काम) मी. एक जण पॅलडिन-वॉरलॉक खेळतो, म्हणजे धर्मयोद्धा आणि कुणा शक्तीशी करार करून जादू मिळवणारा, दोन्ही एकाच पात्रात. दोन्ही क्लास (पात्राचे प्रकार) करिश्मा या एकाच गुणाच्या आकड्यावर चालतात, हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा उपप्रकार घेतल्यावर तलवारही करिश्म्यावरच. वॉरलॉकचे स्लॉट (जादू वापरायच्या मोजक्या संधी) शॉर्ट रेस्टनंतर, म्हणजे छोट्या विश्रांतीनंतर, परत मिळतात, ते हा स्माइटवर (पॅलडिनच्या वाराला जोडायच्या जादा इजेवर) उधळतो. स्माइट करायचा की नाही, हे वार लागल्यावर ठरवायचं, त्यामुळे क्रिट (फाशावर २०) पडला की इजेचे डाइस दुप्पट आणि राक्षस आडवा!

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणारी बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) मात्र इंटेलिजन्स ८, म्हणजे सरासरीपेक्षा कमी अक्कल, मनापासून निभावते. परवा दरोडेखोरालाच खजिन्याचा रस्ता विचारत होती. सगळे हसत होतो, तेवढ्यात ह्या पॅलडिनवाल्याने त्या दरोडेखोराला उडवला.

पोरगा वाईट नाही हो, आकडेमोड हीच त्याची मजा. पण वॉरलॉकचा करार कुणाशी झालाय विचारलं, तर म्हणतो, "ते तू ठरव."

राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसतील तो आकडा) वाढवले तर बाकीच्यांचे हाल होतात. पात्र चांगलं निभावल्याचं बक्षीस, म्हणजे इन्स्पिरेशन, देऊन पाहिलं, तेही तो अटॅकलाच वापरतो. आता त्या कराराच्या मालकाला वसुलीला पाठवू का? कुणी केलंय असं? त्याचं बिल्ड (पात्राची जुळवलेली रचना) न मोडता कसं जमवलंत? 'त्याला काढून टाक' सोडून काहीही सांगा.