कार्बन मोनॉक्साइडमध्ये दुहेरी बंध का चालत नाही?

प्रश्न:
कार्बन मोनॉक्साइडची लुईस रचना (अणूंचे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन दाखवणारी आकृती) काढताना मी दुहेरी बंध दाखवला. कार्बनवर एक लोन पेअर (बंधात नसलेली इलेक्ट्रॉनांची जोडी), ऑक्सिजनवर दोन, एकूण १० इलेक्ट्रॉन. फॉर्मल चार्ज (रचनेवरून हिशेबाने काढलेला अणूवरचा प्रभार) दोन्हीकडे शून्य येतो. पुस्तकात मात्र तिहेरी बंध आहे, कार्बनवर –१ आणि ऑक्सिजनवर +१. विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) ऑक्सिजनची जास्त, मग धन प्रभार त्याच्यावर कसा?

उत्तर १:
बेरीज बरोबर आहे, क्रम चुकला. तुमच्या रचनेत कार्बनभोवती लोन पेअरचे २ आणि बंधांचे ४ असे सहाच इलेक्ट्रॉन आहेत. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन असले की आधी अष्टक (अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन) पुरं करायचं, फॉर्मल चार्ज नंतर बघायचा. ऑक्सिजनची एक लोन पेअर दोघांच्या मध्ये आणा, दोघांचेही आठ होतात. या तिसऱ्या बंधाचे दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचे, म्हणून हिशेब (अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन, वजा लोन पेअरचे, वजा बंधांची संख्या) असा: कार्बन ४–२–३ = –१, ऑक्सिजन ६–२–३ = +१.

मोजमापंही तेच सांगतात. फॉर्माल्डिहाइडमधला दुहेरी बंध सुमारे १२१ पिकोमीटर लांब असतो, कार्बन मोनॉक्साइडमधला ११३. कार्बन मोनॉक्साइडचा हा बंध तोडायला मोलमागे सुमारे १०७२ किलोज्यूल लागतात. नायट्रोजनच्या तिहेरी बंधालाही ९४५ पुरतात!

उत्तर २:
प्रभाराबद्दल थोडं. बंधातली प्रत्येक जोडी निम्मी-निम्मी वाटली असं धरून फॉर्मल चार्ज काढतात, तो मोजलेला प्रभार नव्हे. प्रत्यक्षात ऑक्सिजन जोड्या स्वतःकडे ओढतो आणि हा +१ जवळजवळ पुसला जातो. म्हणून द्विध्रुव आघूर्ण (रेणूत धन आणि ऋण प्रभार किती विलग झालेत याचं माप) फक्त ०.११ डिबाय आहे (पाण्याचं १.८५), आणि किंचित ऋण टोक कार्बनचंच. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला हा रेणू कार्बनच्या बाजूने चिकटतो, तो कार्बनवरच्या लोन पेअरमुळे.

प्रश्नकर्ता:
समजलं. पण बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनला सहा इलेक्ट्रॉनांवर का सोडतो?

उत्तर १:
तिथे दुहेरी बंध काढला तर फ्लोरिनवर +१ येतो आणि बोरॉनवर –१. फ्लोरिन सर्वांत विद्युतऋण, म्हणून ती रचना मुख्य धरत नाहीत. तिचा थोडा वाटा मात्र असतो: तिथला बंध सुमारे १३१ पिकोमीटर, नेहमीच्या एकेरी बंधापेक्षा आखूड. बोरॉनची रिकामी जागा खरी आहे. अमोनिया समोर आला की त्याची लोन पेअर घेऊन बोरॉन आपले आठ पुरे करतो.