इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वी जव पिकायचा?? कसं कळलं?

घोडकाठ: मंडळी, शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेलं, १९६८ ते ८३. परवा वाचलं की तिथले ताम्रपाषाण काळातले (म्हणजे तांब्याची आणि दगडाची, दोन्ही हत्यारं वापरणारे) लोक मुख्य पीक म्हणून जव घ्यायचे, जोडीला गहू, मसूर, कुळीथ वगैरे. दाणा एवढी वर्षं टिकतो कसा? आणि आपल्या ज्वारी-बाजरीच्या मुलखात जव? पचत नाहीये राव.

मातीखाली: साधा दाणा कुजतोच, टिकतो तो जळालेला. चुलीत पडला किंवा घर पेटलं की त्याचा कोळसा होतो आणि कोळशाला ना कीड लागते ना बुरशी. मग चुलीजवळची, बळदातली (धान्य साठवायच्या जागेतली) माती पाण्यात सोडून ढवळतात, हलके दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरून सावलीत वाळवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. जव दोन्ही टोकांना निमुळता, गहू जरा गुबगुबीत, पण जळताना दाणा फुगतो त्यामुळे वाटतं तेवढं सोपं नाहीये. बाकी ज्वारी-बाजरी मुळात आफ्रिकेतली हो, इथे नंतर आली. जव रब्बीचं, कमी पाण्यावर येणारं, त्यात काय नवल!

हाडवैद्य_नाही: धान्याचंच काय घेऊन बसलात, हाडं बघा की. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, शिवाय हरणं. हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, काही भाजलेली, म्हणजे खात होते, कुणाला आवडो न आवडो. दात किती झिजलेत त्यावरून जनावराचं वय कळतं, कोवळी जास्त मारलेली असतील तर मांसासाठी, म्हातारी जास्त असतील तर दूध नाहीतर ओढकामासाठी पाळलेली असा अंदाज लावतात. आणि खरी गंमत शेवटच्या काळात, साधारण इ.स.पू. १००० नंतर, मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शिकार वाढली. तिथे उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला, शेती बसली आणि लोक अर्धवट भटके झाले.

घोडकाठ: म्हणजे दुष्काळ तेव्हापासूनच आमच्या मागे 😅

मातीखाली: दुष्काळाचं सगळ्यांना पटलेलं नाहीये हां. शिकारीची हाडं वाढली म्हणजे शेती बुडालीच असं लगेच नाही म्हणता येत, शेती करणारा माणूसही हरीण मारतोच की. आणि माती चाळलीच नाही तर माशाचा काटा हाती लागत नाही, बैलाचं हाड तेवढं दिसतं, मग म्हणायचं मासे खात नव्हते!