डेला रीस: टीव्हीवरच्या देवदूतबाई आधी गायिका होत्या का?

नातवाची आजी:
लेकीकडे डॅलसला आलेय. दुपारी नातू झोपला की 'टच्ड बाय ॲन एंजल' ही जुनी मालिका बघते. त्यातली टेस नावाची वयस्क देवदूत मधूनच गाते, शीर्षकगीतही तिच्याच आवाजात आहे. परवा ऐकता ऐकता मेथी निवडायची राहिली. लेक म्हणते, नटी आहे गं ती. मला नाही पटत. हा गळा तालमीचा आहे. कुणाला माहिती आहे?

मिशिगनकर:
आजी, तुमचा कान पक्का आहे. टेसचं काम करणाऱ्या डेला रीस आमच्या डेट्रॉइटच्या (आमच्या म्हणजे, मी तेवीस वर्षं इथं बर्फ उपसतोय म्हणून). जन्म १९३१चा. मूळ नाव डेलोरीस अर्ली. पहिल्या नावाचे दोन तुकडे करून 'डेला रीस' झालं. लहानपणापासून चर्चमध्ये गायच्या. तेराव्या वर्षी थेट महालिया जॅक्सनच्या ताफ्यात! गॉस्पेलमधलं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती भक्तिसंगीतातलं, हे केवढं मोठं नाव, ते वेगळं सांगायला नको. पुढे 'मेडिटेशन सिंगर्स' या गटात गायल्या. मध्येच आई गेली, कॉलेज सुटलं, पोटासाठी लिफ्ट चालवण्यापर्यंत कामं केली. मग डेट्रॉइटच्या फ्लेम शो बारमध्ये गायला लागल्या आणि १९५३मध्ये अर्स्किन हॉकिन्सच्या जॅझ ऑर्केस्ट्रात गेल्या.

माझ्याकडे त्यांची १९६०ची 'डेला' ही तबकडी आहे, लायब्ररीच्या रद्दीतून एका डॉलरला उचललेली. नील हेफ्टीचा वाद्यवृंद मागे दणाणतोय, पण बाईंचा एक शब्द बुडत नाही. शेवटचं व्यंजनसुद्धा ठोकून म्हणतात. चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत शब्द पोचवायची सवय, दुसरं काय!

नातवाची आजी:
पण चर्चमधली मुलगी बारमध्ये गायची, हे लोकांना चाललं?

खर्ज_पंचम:
कुरकुर करणारे असणारच. आपल्याकडे कीर्तनकाराच्या मुलीनं लावणी म्हटली तर काय होईल, तसंच. पण बाईंनी कधी एक दार लावून दुसरं उघडलं नाही. १९५९चं 'डोन्ट यू नो?' ऐका. चाल मूळ पुचिनी या इटालियन संगीतकाराच्या ऑपेरातली (म्हणजे संगीत नाटकातली), 'ला बोहेम'मधल्या म्युझेटा या पात्राच्या वॉल्ट्झची. बाईंनी ती अशी खणखणीत म्हटली की गाणं बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. चा-चा-चा या क्यूबन नाचाच्या ठेक्याची अख्खी तबकडीही केली (ती मला फारशी भावत नाही, पण ठेका चोख). आणि १९८०च्या दशकात त्या स्वतःच दीक्षा घेऊन धर्मोपदेशक झाल्या, लॉस एंजेलिसमध्ये आपलं चर्च काढलं.

मिशिगनकर:
शिवाय १९६९मध्ये 'डेला' हा रोजचा टॉक शो. १९७९मध्ये 'टुनाइट शो' या टीव्हीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमात गाता गाताच मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्यातूनही वाचल्या. तुमची मालिका त्यानंतरची, १९९४ ते २००३. बाई २०१७मध्ये गेल्या.

नातवाची आजी:
म्हणजे मी बघतेय ते साठी उलटल्यावरचं! आज 'डोन्ट यू नो?' लावलं. शेवटी आवाज असा काही चढवलाय की नातू उठला. रडला नाही, टीव्हीकडे बघत बसला. आता ती 'डेला' तबकडी शोधते. जावयाला सांगितलंय.